तिसऱ्या पायरीचं पाणी

“तांबडं आलंय गंऽऽ! तांबडंऽऽ!”

हौसाक्काचा आवाज. पहिल्या घाटावरच्या काळ्या दगडावर उभी राहून, दोन्ही तळवे तोंडाशी धरून ती साद घालायची. दुसऱ्या घाटावरची बाई ती साद उचलायची, तिसरीकडं धाडायची, तिसरी चौथीकडं. अशी सहाव्या घाटापर्यंत. पाणी आपलं चालत यायचं, साद पळत जायची. पाणी पोचायच्या आधी धुणं दगडावरून उचललेलं असायचं.

कौलवड्याच्या परटिणींची ही रीत कुणी लावून दिली नव्हती. वर गावात कापड रंगवणारी डाईंगं होती, खाली दूधओढा होता, आणि डाईंगं पाणी सोडताना कुणाला विचारत नव्हती. मग बायकांनी आपले नेम केले. तांबडं आलं तर धुणं उराशी धरून दुपारपर्यंत थांबायचं. निळं आलं तर घोंगडी-सतरंज्या चालतील. काळं आलं तर घर गाठायचं आणि जनावरंही सोडायची नाहीत. नितळ असलं तर देवाचं नाव घेऊन पाण्यात उतरायचं.

हौसाक्काची धाकटी लेक विजयमाला तेव्हा सहा वर्षांची होती. सोड्याचा डबा सांभाळत ती दगडापाशी बसायची. आई कपडे आपटता आपटता गायची, आणि त्यातली एक ओवी पोरीच्या कानात जन्मभरासाठी बसली:

पाण्या रे पाणीराया, रंग तुझा बोलका
काय बी लेऊन ये, येऊ नको रे मुका

पाणी मुकं येईल म्हणजे काय, ते तिला समजलं नव्हतं. आईलाही समजलं असेल असं नाही. ओव्या पुष्कळदा गाणाऱ्यापेक्षा शहाण्या असतात.

पुढं डाईंगं वाढली. ओढ्याला नितळ दिवसच उरेना. घाट ओस पडले, हौसाक्का गेली, आणि विजयमाला पोटासाठी त्याच डाईंगात कामाला लागली, ज्याच्या नावानं आई बोटं मोडायची. सगळे तिला माला म्हणत. रंगाची नजर तिला आईकडून आली होती. लाल म्हणजे सगळ्यांना लाल. तिला त्यात अकरा लाल दिसत. पंधरा वर्षं तिनं शेड जुळवण्याचं काम केलं. धुऊन निघालेल्या कापडाचं पाणी काचेच्या ग्लासात धरायचं, उजेडाकडं करून बघायचं, आणि ‘झालं’ म्हणायचं. माला ‘झालं’ म्हणाली की झालं.

---

सूर्यपायऱ्या आल्या त्या सालाला, म्हणजे २०३९ ला, माला बेचाळीस वर्षांची होती.

डाईंगवाल्यांच्या सहकारी संस्थेनं गावाखालच्या उतारावर सहा रुंद पायऱ्या बांधल्या. प्रत्येक पायरी लग्नाच्या मांडवाएवढी. त्यावर पांढरट फरश्या, आणि फरश्यांवरून रंगाचं पाणी केळीच्या पानाइतकं पातळ पसरून सावकाश खाली उतरणार. हे सगळं उभं करायला मिरजेहून फिरदोस मुजावर नावाच्या रसायनतज्ज्ञ बाई आल्या होत्या. पायऱ्या चालवायला त्यांना रंग ओळखणारं माणूस हवं होतं. चेअरमन बाळगोंडाअण्णांनी मालाला पुढं केलं.

“मालाताई, ह्या फरशीवर लेप आहे ना, तो टायटॅनियमच्या ऑक्साइडचा,” फिरदोसनी पहिल्याच दिवशी सांगितलं. “भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतो तोच. नुसता असला तर त्याला अतिनील किरणच लागतात. आम्ही त्यात जरासा नायट्रोजन मिसळलाय, म्हणून साध्या उन्हावर चालतो.”

“चालतो म्हणजे काय करतो?”

“ऊन लेपावर पडलं की त्यातला एक इलेक्ट्रॉन उडी मारून निघतो. मागं रिकामी जागा राहते, आणि तिला भूक लागते. ती पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन ओढून घेते. मग त्या पाण्याचा जो तुकडा उरतो, तो भलताच चावरा असतो. पापणी लवायच्या आत मरतो, पण मरता मरता समोरच्या रंगाचा लचका तोडतो. लेप मात्र होता तसाच.”

मालानं फरशीवरून बोट फिरवलं. “म्हणजे आमच्या गल्लीतली भागीरथी.”

“कोण?”

“भांडणं लावून देती. घर मोडतं दुसऱ्याचं, हिच्या पदराला सुरकुती न्हाई.”

फिरदोस एवढ्या हसल्या की हातातली वही पाण्यात पडली. पुढं दोन वर्षं त्या आलेल्या पाहुण्यांना उत्प्रेरक म्हणजे काय हे भागीरथीवरूनच समजावत.

आणखी एक गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली होती. फरशीवर खडूनं दोन षटकोन काढले, मधे दोन ठिपके. “हा रंगाचा रेणू. दोन कड्या, आणि मधे नायट्रोजनची जोडी. आपल्याला रंग दिसतो तो ह्या जोडीमुळे. सगळ्यात आधी तुटते ती हीच. रंग गेला, पण कड्या शिल्लक. त्या कड्या फुटून त्यांचा साधा वायू आणि पाणी होईपर्यंत सहा पायऱ्या लागतात. म्हणून सहा.”

मालानं मान डोलावली. ऐकलं तिनं. पण पंधरा वर्षांच्या डोळ्यांनी काही ऐकलं नाही.

पाणी सुटायच्या तोंडाशी रंग मोजणारं यंत्र बसवलं. दर दहा मिनिटांनी ते आकडा धाडायचं, आणि ओढ्याकाठच्या प्रत्येक फोनवर तो उमटायचा: ‘दूधओढा. रंग शून्य.’ सादेची आता गरज उरली नव्हती.

---

नितळ पाणी आल्याला चार महिने झाले आणि मालाची थोरली बहीण राजाक्का एका सकाळी धुण्याचं बोचकं घेऊन पहिल्या घाटावर जाऊन उभी राहिली. तीस वर्षांनी. दगडावरची शेवाळ घासून काढली, हळदी-कुंकू वाहिलं, आणि आईच्या जागेवर पहिली चादर आपटली.

मग बाकीच्याही आल्या. वर्षाच्या आत सहाही घाट बोलायला लागले. तालुक्याच्या दवाखान्याच्या चादरी, मंगल कार्यालयांचे टेबलक्लॉथ, शाळेच्या खानावळीचे पडदे. काठावरच्या हिरवळीवर पांढरं वाळत पडलं की वरच्या रस्त्यावरून बगळ्यांचा थवा उतरल्यासारखं दिसायचं.

“साहेबीणबाई आल्या,” माला घाटावर गेली की राजाक्का ओरडायची. “सरका गं, वाट द्या! पाण्याची मालकीण हाय ती.”

“गप की, आक्का.”

“का गप? आईला रंगानं उठवलं हितनं. तू रंगाला उठवलंस. आईनं बगायला पायजे हुतं.” आणि ओल्या हातानं बहिणीच्या गालाला हात लावून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडायची.

मालाला जन्मात कुणी एवढं मोठं म्हटलं नव्हतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. आता घाटावर पाय ठेवला की सहा घाटांच्या बायका हसून बघायच्या. माणसाला अशा हसण्याची सवय लागते.

---

फिरदोस दुसऱ्या गावच्या पायऱ्या बांधायला निघून गेल्या. पुढचा आषाढ फार ढगाळ निघाला. ऊन नाही म्हणजे लेप अर्धपोटी. पाणी सहा पायऱ्या उतरायला दुप्पट वेळ घ्यायला लागलं, वरच्या टाक्या भरल्या, डाईंगात रंगवलेलं कापड तसंच पडून राहिलं. एकशे चाळीस बायकांना ‘उद्या या’ सांगायची पाळी आली.

बाळगोंडाअण्णा पायऱ्यांवर आले. पांढरी टोपी, हातात छत्री, तोंड उतरलेलं. “माले, काय तरी काढ बाई डोकं.”

मालानं त्या दिवशी नेहमीचंच काम केलं. प्रत्येक पायरीचं पाणी ग्लासात धरून उजेडाकडं केलं. पहिलीचं जांभळं. दुसरीचं फिकट, भिजवलेल्या मनुकांच्या पाण्यासारखं. तिसरीचं नितळ. चौथीचं नितळ. सहावीचं नितळ.

“अण्णा,” ती म्हणाली, “तिसऱ्या पायरीवरच झालंय की. पुढच्या तिन्ही पायऱ्या नुसतं नितळ पाणी फिरवत्यात. तिसरीला दार पाडा आणि तिथनंच सोडा.”

“यंत्र काय म्हणंल?”

यंत्र उचलून तिसरीशी आणलं. ते म्हणालं, रंग शून्य. त्याला तेवढंच म्हणायला शिकवलं होतं.

दार पडलं. ढगाळ दिवसांपुरतं म्हणून पडलं, मग ढग गेले तरी राहिलं, कारण काम दुपटीनं होत होतं. खालच्या तीन पायऱ्या कोरड्या पडल्या. कुणीतरी तिथं मिरच्या वाळत घातल्या. कामगार त्याला ‘मालाचं दार’ म्हणायला लागले. संस्थेच्या सभेत तिला शाल-नारळ मिळाला. घाटावर दाराची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. राजाक्काला वाटलं, शाल पाण्यासाठी मिळाली. तिनं तो फोटो आईच्या फोटोशेजारी लावला.

---

चैत्रातल्या एका दुपारी राजाक्का मालाच्या दारात आली. काखेत घडी केलेली चादर.

“दवाखान्याची बाई वरडाया लागलीया. बग हे. तू रंगातली डॉक्टरीण, तूच सांग.”

मालानं चादर उलगडली. पांढरी होती, पण मधे मधे चहा सांडून पुसल्यासारखी तपकिरी झाक. तिनं घडी उलटून पाहिली. आतली बाजू पांढरीशुभ्र. जी बाजू हिरवळीवर उन्हाकडं तोंड करून पडायची, तेवढीच तपकिरी.

“डाग हाय का गंजाचा?” राजाक्का म्हणाली. “चार चार येळा धुतली. जितकी धुवावी तितकी चढती बया.”

डागाला काठ असतो. ह्याला काठ नव्हता. हे कापडात मुरलेलं होतं आणि उन्हात वर आलेलं होतं. हा डाग नव्हता, हा रंग होता.

“बघते,” माला म्हणाली. तिची नजर चादरीवरून बहिणीच्या हातांवर गेली. बोटांच्या बेचक्यात कातडं सोललं होतं. नखांच्या कडेनं बारीक चिरा.

“हाताला काय झालं?”

“परटिणीच्या हाताला काय हुतं? धुणं हुतं.” राजाक्का हसली. “अगं, घाटाला ह्या अक्षय्यतृतीयेला दोन वर्षं हुत्यात. आमी वड्याची ओटी भरनार हाय. खण-नारळ आणलाय. पयली ओंजळ तुला, मग समद्या घोट घोट घेनार. तीर्थ म्हनून. न्हाई म्हनू नगंस.”

---

डाईंगात नॅप्थॉलचा रंग करायची एक जुनी पद्धत होती. मालानं ती सुरुवातीच्या दिवसांत हातानं केलेली होती. त्या पद्धतीत तयार रंग डब्यातून येत नाही. एका भांड्यात बिनरंगाचं पाणी, दुसऱ्या भांड्यात जवळजवळ बिनरंगाचं पाणी. कापड एकातून काढून दुसऱ्यात बुडवलं की डोळ्यांदेखत लाल पेटतं. दोन्ही पाणी वेगवेगळी असताना मुकी असतात.

चादर बघितल्यापासून हे तिच्या डोक्यात फिरत होतं. रविवारी दुपारी डाईंग बंद असताना तिनं मालाचं दार तासभर लावलं, खालच्या मिरच्या उचलल्या, आणि पाणी सहाव्या पायरीपर्यंत जाऊ दिलं. मग दोन बाटल्या भरल्या. एक तिसऱ्या पायरीची, एक सहाव्या. ग्लासात धरल्या तर जुळ्या बहिणी.

प्रयोगाच्या खोलीत तिनं दोन्ही पाण्यांत थोडं आम्ल घालून मंद आचेवर ती आटवली. बर्फाच्या पातेल्यात थंड केली. सोडियम नायट्राइटचे थेंब टाकले. कड्यांना चिकटून अमाइन नावाचा शेपटा उरला असेल, तर नायट्राइट त्याला धरतं आणि नवी नायट्रोजनची जोडी तयार होते. शेवटी कॉस्टिक सोड्यात विरघळवलेलं नॅप्थॉल. ह्यात नवीन असं काही नव्हतं. रंग करायचीच रीत, फक्त कापडाशिवाय.

सहाव्या पायरीचं पाणी किंचित पिवळसर झालं आणि तिथंच थांबलं.

तिसऱ्या पायरीचं पाणी तांबडं झालं.

माला स्टुलावर बसली. तिला अकरा लाल ओळखू यायचे. हा त्यातला कुठला, ते शोधायचं तिला सुचलं नाही. काय बी लेऊन ये, येऊ नको रे मुका. नऊ महिने पाणी मुक्यानं येत होतं, आणि त्याच्या तोंडाला हात लावणारी ती होती.

तिनं फिरदोसना फोन लावला. पडद्यावर त्यांचा चेहरा उन्हात होता, मागं कुठल्यातरी गावाच्या नव्या पायऱ्या.

“तिसऱ्या पायरीचं पाणी ओढ्यात?” फिरदोस म्हणाल्या. “कसं काय? तिथून पाणी बाहेर पडायला वाटच नाही.”

“दार आहे आता.”

“दार? माझ्या आराखड्यात दार नव्हतं, मालाताई. कुणी काढलं?”

बर्फ वितळून पातेल्याबाहेर ओघळला होता. माला तो पदरानं पुसत राहिली.

“मालाताई? हे बघा, घाबरवत नाही मी. पण ही अमाइनं कातड्यातून आत जातात. एकदा-दोनदा हात घातला तर फार काही नाही. रोज, वर्षानुवर्षं घातला तर त्यांतली काही मूत्राशयाच्या कॅन्सरपर्यंत नेतात. आणि उन्हाळ्यात त्या ओढ्यात दुसरं पाणी नसतं, तुम्ही सोडता तेच. घाटावरच्या बायका अजून पाण्यात उतरत नाहीत ना?”

“न्हाई,” माला म्हणाली. मग म्हणाली, “आवाज तुटतोय, मॅडम.” आवाज तुटत नव्हता.

---

दुसऱ्या दिवशी ती अण्णांकडं गेली. तांबडी बाटली टेबलावर ठेवून दार बंद करा म्हणाली.

अण्णांनी बाटली उचलून पाहिली, तिला हात लागल्याचं लक्षात येताच खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. “दार लावलं तर निम्मं काम बंद, माले. सत्तर बायका घरी. यंत्र शून्य म्हनतंय, कागद शून्य म्हनतोय, आनि मी कमिटीला काय सांगू? मालाच्या बाटलीत तांबडं झालं?”

“खरं हाय ते, अण्णा.”

“आसंल. मग लेखी दे. दार कुनी सुचवलं, का सुचवलं, आता काय झालं, समदं लिही. मी पुढं ठेवतो. पळून जानारा न्हाई मी. पन तुजं नाव त्यात पयल्या ओळीला येनार, ते बग.”

ती कागद घेऊन घरी आली. वर तारीख लिहिली. ‘सविनय विनंती’ लिहिलं. पुढचं लिहायला बसली की तिला कमिटी दिसत नसे, नोकरीही दिसत नसे. दिसायचा तो काळा दगड, आणि आईच्या फोटोशेजारी टांगलेला शालीतला तिचा फोटो.

तिसऱ्या दिवशी राजाक्काच आली. “काय निगालं चादरीत?”

खरं बोलायला तेवढी एक घटका पुरली असती. सरळ विचारलेल्या प्रश्नाला सरळ उत्तर. मालानं बहिणीच्या चिरलेल्या नखांकडं पाहिलं, आणि तिच्या तोंडून आलं, “साबण.”

“साबन?”

“तुझा साबण चांगला न्हाई. सोडा जास्त हाय त्यात. त्यानंच चादरी तपकिरी व्हत्यात आणि हातबी त्यानंच गेलं. साबण बदल.”

“बगा!” राजाक्काला एवढं हलकं वाटलं की ती चौकटीला टेकली. “मी म्हनत हुते समद्यास्नी, पान्यात काय न्हाई. पानी माज्या बहिनीनं केलंय. पान्यात काय आसनार!”

ती जाताना म्हणाली, “साबन बदलते. आनि आता कसर भरून काढाया पायजे, दवाखान्याची बाई रुसलीया. तासभर जास्त हुबं ऱ्हाईन पान्यात.”

---

अक्षय्यतृतीयेला घाट झाडून काढला होता. काळ्या दगडावर रांगोळी, आंब्याच्या डहाळ्या. पहिल्या घाटावर अकरा बायका, खाली वळणावर दुसऱ्या घाटाची टोळी, त्याच्या पलीकडं तिसऱ्याची. ओढा आरशासारखा. तळातले खडे मोजता यावेत इतका.

मालानं तांबडी बाटली पिशवीत घालून आणली होती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. लिहिलेला कागद घरीच होता, ‘सविनय विनंती’च्या पुढं कोरा.

राजाक्कानं ओढ्याची ओटी भरली. खण, नारळ, गहू पाण्यात सोडले. एकीनं ओवी धरली, बाकीच्यांनी उचलली:

दूधवड्याची गं ओटी खणा-नारळानं भरू
माझ्या पाठच्या बहिणीनं पाणी केलं गं लेकरू

राजाक्काच्या कमरेचा फोन वाजला. तिनं तो काढून सगळ्यांना दाखवला: ‘दूधओढा. रंग शून्य.’ बायका हसल्या. मग ती गुडघाभर पाण्यात उतरली, वाकली, आणि ओंजळ भरून उभी राहिली. नव्या साबणानं काही फरक पडला नव्हता. चिरांतून पाणी निथळत होतं.

“घे,” ती म्हणाली. “पयला घोट तुजा.”

तिच्या मागं दहा जणींनी ओंजळी भरल्या होत्या. वाट बघत होत्या. मालानं घोट घेतला की त्या घेणार.

मालानं पिशवी खाली ठेवली. ओंजळीजवळून गेली आणि रांगोळीवर पाय देऊन काळ्या दगडावर चढली. कुणीतरी “आगं आगं” केलं. तिनं दोन्ही तळवे तोंडाशी धरले. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज आला, फाटका, पण आईच्याच चालीवर.

“तांबडं आलंय गंऽऽ! तांबडंऽऽ!”

हशा पिकला. “ऊन लागलं जनू!” “कुटं तांबडं? खडं दिसाया लागल्यात!”

पण खालच्या वळणावर दुसऱ्या घाटाची गोदाकाकी होती. ऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू. हौसाक्काची साद उचलून पुढं धाडणारी तीच. तिनं पाण्याकडं बघायचा प्रश्नच नव्हता. तिथून थरथरता आवाज निघाला, “तांबडं आलंय गंऽऽ!” आणि तिच्या पलीकडून तिसऱ्या घाटाचा. मग चौथ्याचा, ऐकू येईल न येईल असा.

राजाक्काची ओंजळ सुटली. ती साद कानावर पडली की हात पाण्यातून काढायचे, हे तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होतं. पाणी परत ओढ्यात पडलं तेव्हा ती भानावर आली, आणि तिचा चेहरा तापला.

“आईच्या सादंची मस्करी करतीस व्हय गं? सनाच्या दिवशी?”

माला दगडावरून उतरली. पिशवीतून बाटली काढून बहिणीपुढं धरली. उन्हात ती कुंकवासारखी दिसत होती.

“हे ह्याच पाण्यातनं निघालंय, आक्का. रंग दिसत न्हाई, पण रंगाचं तुकडं हायत अजून. ऊन लागलं की त्यांचंच चादरीवर तपकिरी होतं. तेच तुझ्या हातात जातंय. सगळ्याजणी बाहेर या. पंपाच्या पाण्यानं हात धुवा.”

दहा ओंजळी एकेक करून रिकाम्या झाल्या. कुणी पदराला हात पुसले, मग पदराकडं बघितलं.

“कवापासनं?” राजाक्कानं विचारलं.

“गेल्या आषाढापासनं.”

“आनि तुला कवा कळलं?”

“अठरा दिवस झालं.”

राजाक्का पाण्यातून बाहेर आली नाही. तशीच उभी राहून मनात काहीतरी जुळवत होती. रंगाची नजर तिलाही आईकडूनच आली होती. फक्त ती कापडावर चालवायची तिला कधी वेळ मिळाली नव्हती.

“मंग साबन?” ती म्हणाली, अगदी हळू.

मालानं तिचा हात धरला. कोपराशी धरून तिला पाण्यातून वर, कोरड्या दगडावर घेतलं. हात सोडला नाही.

“साबण चांगला होता, आक्का. मी खोटं बोलले. पाणी सहा पायऱ्या उतरून यायला पायजे होतं, ते तिसरीवरनंच सोडत्यात. तिथं दार अण्णांनी काढलं न्हाई, मुजावर मॅडमनी काढलं न्हाई. ग्लासात नितळ दिसलं म्हणून ‘झालं’ म्हणणारी मी. ते दार मी पाडायला लावलं.”